मागच्या काचेचं रबर

मारेगावात जुन्या गाडीच्या मागच्या काचेचं रबर मे महिन्यात मरतं आणि मृगात ते कळतं. यवतमाळ जिल्ह्याच्या या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अंगणात नाहीतर कडुनिंबाच्या अर्धवट सावलीत उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. काच तापते, पत्रा तापतो, रात्री दोन्ही निवतात, आणि या दोघांना एकत्र धरून ठेवणारं रबर रोज ताणलं जातं, रोज आकसतं. असं वर्षानुवर्षं चाललं की ते कडक होतं, कोपऱ्यांत बारीक तडे जातात. वणी-करंजी रस्त्याची धूळ त्या तड्यांत बसते. मग दणक्याचा पहिला पाऊस येतो आणि चार दिवसांनी मागचं दार उघडलं की कुबट वास नाकात शिरतो.

दाराचं रबर गेलं असेल, डिकीतून येत असेल, असे तर्क सुरू होतात. मागच्या काचेकडे सहसा सगळ्यात शेवटी लक्ष जातं. तोवर सीटखालची चटई भिजून तिच्या खालचा पत्रा गंजायला लागलेला असतो. जुन्या गाडीचं इंजिन पुन्हा बांधता येतं, पण गंजून गेलेला तळ पुन्हा उभा करणं फार महागात पडतं. म्हणून हे साधं दिसणारं रबर नीट ओळखून घेण्यासारखं आहे.

त्यासाठी प्रीमियर पद्मिनी ही उत्तम गाडी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. जुनी माणसं तिला आजही फियाटच म्हणतात. तिच्या पुढच्या आणि मागच्या काचा रबरात बसवलेल्या असतात. अँबॅसॅडरचं तसंच, १९८३ साली आलेल्या मारुती ८००चंही तसंच.

हे रबर आडवं कापून पाहिलं की त्याचं काम लगेच ध्यानात येतं. त्याला दोन खाचा असतात. एका खाचेत काचेची कड बसते, दुसरीत बॉडीच्या पत्र्याची. बाहेरच्या अंगाला दोन पातळ ओठ असतात, त्यातला एक काचेवर दाबून बसतो आणि दुसरा पत्र्यावर. स्क्रू नाही, खिळा नाही. एवढी मोठी काच रबर स्वतःच्या ताणावर धरून ठेवतं. काही गाड्यांत बाहेरून आणखी एक खाच असते आणि तिच्यात चकचकीत पट्टी दाबून बसवलेली असते. ती शोभेची वाटते, पण बऱ्याचदा तीच पाचरीचं काम करते. ती सैल झाली की ओठांचा दाबही सैल होतो.

रबर मरतं म्हणजे नेमकं काय होतं? चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर गंधकासह तापवलं आणि थंडीत ठिसूळ, उन्हात चिकट होणारा हा पदार्थ टिकाऊ झाला. तरी नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध राहतातच. हवेतला ओझोन आणि उन्हातले अतिनील किरण तिथेच घाव घालतात. साखळी तुटते आणि पृष्ठभागावर तडे दिसू लागतात. १९६०च्या दशकात बाजारात आलेल्या ईपीडीएम जातीच्या रबराच्या मुख्य साखळीत हे दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ते ऊन-पाऊस कितीतरी जास्त सोसतं. त्याचं वैर मात्र पेट्रोलियम तेलाशी आहे. ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं आणि सैल पडतं. रबर नरम ठेवायला ऑइलचा बोळा फिरवण्याची सवय म्हणूनच सोडून द्यावी. ग्लिसरीन किंवा सिलिकॉन तेल चालतं.

या दुरुस्तीत सगळ्यात महत्त्वाचा भाग शोधाचा आहे. पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं. वरच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब रबराच्या खाचेतून खाली सरकतो, तळाच्या मध्यावर साचतो आणि तिथून सीटमागच्या फळीवर पडतो. कधी दोष काचेचा नसतोच. छपराच्या कडेची गटर, एरियलचं भोक, मागच्या दिव्याचं रबर, डिकीच्या दाराचं रबर यांपैकी कुठूनही पाणी येऊ शकतं. मारुती ८००मध्ये काच मागच्या दारातच असल्याने पाणी दाराच्या पोटात उतरतं. त्या दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असली तर ते तिथेच तुंबून पत्रा खातं.

तपासणीला दोन माणसं आणि बागेचा पाईप पुरतो. आधी मागची सीट आणि फळी काढून सगळं कोरडं करायचं. आतून काचेच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरायची. एकाने बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बारीक धार सोडायची. धार खालून सुरू करायची आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं ठेवून हळूहळू वर न्यायची. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच पाणी येतंय असं वाटतं. पावडरीवर काळपट ओली रेघ उमटली की आतून हाक येते, "काका, डाव्या कोपऱ्यातून येऊन राहिलं!" धार तिथेच थांबवायची आणि खडूने खूण करायची. ओठ आणि काच यांच्या मधून पाणी येतंय की ओठ आणि पत्रा यांच्या मधून, तेही याच वेळी पाहून घ्यायचं.

रबर अजून मऊ असेल आणि फट लहान असेल, तर ओठ लाकडी चमच्याच्या दांड्याने अलगद उचलून आतली माती काढावी, जागा पूर्ण वाळू द्यावी आणि काचेच्या कामाचं, न वाळता चिवट राहणारं काळं सीलंट आत भरावं. इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, लांबी नाहीतर मळून लावायचं कडक मिश्रण भरणं. गाडी हादरते, पत्रा प्रसरण पावतो आणि ते तडकतं. दुसरी, न्हाणीघरासाठी आणलेलं सिलिकॉन वापरणं. वाळताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्या सिलिकॉनमधून ॲसेटिक ॲसिड सुटतं. उघड्या पत्र्याला ते लागलं की गळती थांबल्यासारखी दिसते आणि आत गंज वाढत राहतो.

रबर कडक झालं असेल तर ते बदलण्याला पर्याय नाही. जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून दुकानात सोबत न्यावा. गाडीचं नाव सांगून आणलेलं रबर जाडीत किंवा खाचेत थोडं जरी वेगळं निघालं, तरी सगळी मेहनत वाया जाते. काढताना काच ढकलत बसू नये. जुनं रबर टाकायचंच असतं, म्हणून त्याचा बाहेरचा ओठ ब्लेडने सगळीकडून कापला की काच सहज मोकळी होते. मागची काच टफन्ड असते. तिच्या मध्यावर बराच दाब चालतो, पण कडेला दगड किंवा लोखंड लागलं तर क्षणात तिचा चुरा होतो. हातमोजे, चष्मा आणि काच ठेवायला जाड गोधडी आधीच तयार असावी.

काच निघाली की पत्र्याची कड उघडी पडते आणि गाडीची खरी प्रकृती कळते. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन गंज चमकत्या पत्र्यापर्यंत घासावा. रेड ऑक्साइड प्रायमर, त्यावर रंग, आणि तो पुरता वाळेपर्यंत थांबावं. पत्र्याला भोक पडलेलं असेल तर आधी वेल्डिंगवाल्याकडे जावं. रबर ते भोक झाकेल, बुजवणार नाही.

बसवण्याची रीत दोरीची. नवं रबर उन्हात ठेवून मऊ करायचं. मारेगावच्या उन्हात त्याला वेळ लागत नाही. ते काचेभोवती चढवायचं, पत्र्याच्या खाचेत सगळीकडून बारीक नायलॉनची दोरी घालायची आणि तिची दोन्ही टोकं तळाच्या मध्यावर एकमेकांवर घेऊन आत सोडायची. खाचेला आणि पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी लावायचं. काच जागेवर टेकवली की बाहेरचा माणूस तळहाताने दाबतो आणि आतला दोरी ओढतो. दोरी निघते तसा आतला ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो. कोपऱ्यावर हात थांबतो, ओढ वाढते. तेव्हा बाहेरून जाणता माणूस सांगतो, "दोरी आपल्याकडं ओढजो भाऊ, वर नको उचलू. काच फुटून जाईन." बाहेरून थापटायचं, थोडं आणखी साबणाचं पाणी सोडायचं आणि पुन्हा ओढायचं. दोन्ही टोकं वरच्या मध्यावर भेटली की काच बसली. मग ओठाखाली सीलंट, चकचकीत पट्टी आणि शेवटी पुन्हा पाईपची धार.

हे सगळं रबरात बसवलेल्या काचेसाठी आहे. पुढच्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. रबराचा ओठ नखाने उचलून खाली खाच दिसली नाही, तर ती काच चिकटवलेली समजावी आणि तिचं काम तिची साधनं असलेल्या कारागिरावर सोपवावं. तिथे घरचा हात लावू नये.

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं आणि त्याआधी गाडी तपासून घ्यावी लागते. एमएच २९ पाटीच्या कितीतरी जुन्या गाड्या त्या तपासणीपर्यंत पोचतात त्या मालकाच्या अशाच कामांमुळे. मृगाच्या आधीचा एक मोकळा दिवस, दोन माणसं, वाटीभर साबणाचं पाणी आणि दोरी, एवढ्यावर गाडीचा तळ वाचतो. यंदा हे काम काढाल तेव्हा घरातल्या पोराला किंवा पोरीला आतल्या बाजूला बसवा आणि दोरी त्यांच्या हातात द्या. रबर पुन्हा बदलायची वेळ येईल तेव्हा बाहेरून काच दाबायला एक जाणता हात घरातच तयार असेल.