पलटणीतली विद्या आणि पेन्शनीचा आधार

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाने मुलकी जीवनात काय करावे, या प्रश्नाकडे आपण निव्वळ नोकरीचा प्रश्न म्हणून पाहतो. आपल्या समाजाच्या बाबतीत तो कधीच तेवढ्यापुरता नव्हता. अस्पृश्यांच्या चळवळीची पहिली फळी पलटणीतून परतलेल्या पेन्शनरांनी उभी केली, हा इतिहास आहे. त्या माणसांनी सैन्यातली कोणती विद्या बाहेर वापरली आणि ती वापरता येण्याचे कारण काय, हे समजून घेणे आज अधिक गरजेचे आहे.

कोरेगावचा स्तंभ आपण अभिमानाने पाहतो. 1 जानेवारी 1818 च्या त्या लढाईत महार शिपायांनी पराक्रम केला. पण शिपाई घरी परतला की तलवार-बंदूक छावणीतच राहत असे. त्याच्याबरोबर गावात आली ती अक्षरे. ज्या काळात गावच्या शाळेचा उंबरठा आपल्या मुलांना बंद होता, त्या काळात छावणीत शाळा होती. वाचणे, लिहिणे, हिशेब ठेवणे, हजेरी घेणे, वेळ पाळणे, तक्रार कोणाकडे आणि कोणत्या पायरीने न्यायची हे जाणणे, अशा सगळ्या गोष्टी पलटणीने शिकविल्या.

गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. 1886 साली ते सैन्यातून निवृत्त झाले. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली, वर्तमानपत्रांतून लिहिले आणि अस्पृश्यांच्या वतीने सरकारकडे अर्ज केले. वरिष्ठांपुढे मुद्देसूद गाऱ्हाणे मांडण्याची ही रीत लष्करी दफ्तराच्या शिस्तीशी जुळणारी होती. शिपायाची विद्या येथे समाजाची विद्या झाली.

मात्र विद्या असली म्हणजे माणूस बोलतोच असे नाही. गावात राहणारा महार बलुत्यावर जगत होता. तो तोंड उघडता तर त्याची भाकर बंद झाली असती. पेन्शनराची भाकर गावकीच्या हातात नव्हती, ती दरमहा सरकारी खजिन्यातून येत होती. पेन्शन म्हणजे म्हातारपणाची सोय खरीच, पण आपल्या माणसाला ती गावकीपासूनची सुटकाही होती. म्हणूनच पेन्शनर ताठ उभा राहू शकला.

तरीही जातीने त्याची पाठ सोडली नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलावाची खोदाई चालू होती, तेथे ते रोखपाल झाले. शिकविणारा हात हिशेबाला लागला. सरकारला त्या हाताचा विटाळ झाला नाही. पण 1901 साली त्यांची मुले वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा जात कळताच गाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये लिहून ठेवला. कामाची लायकी कचेरीने मान्य केली, रस्त्याने केली नाही.

पुढे सरकारनेच दार लावले. 1892 च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबली. पहिल्या महायुद्धात 1917 साली 111 महार ही पलटण उभारली आणि 1921 साली मोडली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली, तेव्हा ते दार पुन्हा नीट उघडले. भरती थांबण्याचा अर्थ शाळा थांबणे, पगार थांबणे आणि उद्याचे पेन्शनर थांबणे असाच होता. भरतीसाठी आपल्या पूर्वजांनी एवढे अर्ज का केले, ते यावरून कळते.

आजचा निवृत्त जवान बहुधा सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून दिसतो. पहाऱ्यात कमीपणा नाही. पण ज्याने कोठार सांभाळले तो गोदाम सांभाळू शकतो. वायरलेसवाला, मोटार मेकॅनिक, रुग्णांची शुश्रूषा करणारा, कारकून यांनी आपले काम अर्जात मुलकी भाषेत लिहिले पाहिजे. डिस्चार्ज बुकातील ट्रेडची नोंद हे त्याचे भांडवल आहे. केंद्राच्या गट क भरतीत माजी सैनिकांना 10 टक्के, तर महाराष्ट्रात 15 टक्के समांतर आरक्षण आहे. ते मागून घ्यावे लागते, कोणी घरी आणून देत नाही.

खरी काळजी पुढची आहे. 2022 पासून अग्निपथ योजनेत भरती झालेल्या तरुणांपैकी जास्तीत जास्त 25 टक्केच चार वर्षांनंतर कायम होणार. बाकीच्यांना एकरकमी सुमारे 11.71 लाख रुपये मिळतील, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हा तरुण विद्या घेऊन परतेल, पण पायाखालचा तो जुना आधार त्याला नसेल. एकरकमी पैसा कर्जात, लग्नात, घराच्या भिंतीत जिरतो आणि माणूस पुन्हा दुसऱ्याच्या दारी उभा राहतो.

म्हणून भरतीला जाणाऱ्या आपल्या मुलांना आजच सांगितले पाहिजे: छावणीतली चार वर्षे केवळ पगाराची समजू नका. प्रमाणपत्र देणारे काम मागून घ्या, राहिलेले शिक्षण पुरे करा, हिशेब आणि दफ्तर शिका. गावच्या पेन्शनरांनीही या मुलांना अर्ज लिहायला शिकवावे. वलंगकरांचा वारसा सांगायचा असेल, तर तो स्तंभापुढे मान लववून पुरा होत नाही. लेखणी हातात घेतल्यावरच तो पुढे चालतो.