टोपी जुन्या गाडीची

‘टोपी’ हा शब्द बँकेतल्या माणसाला फारसा गोड वाटत नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत बँकेला टोपी घालू पाहणारे इतके भेटले, की त्यांच्यावरच एक कादंबरी झाली असती. (लिहिली नाही. अशी माणसे निवृत्तीनंतरही पत्ता शोधत येतात.) पण टोपी घालणे हा मोठ्या कष्टाचा आणि जिव्हाळ्याचा उद्योग असू शकतो, हे गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे राहायला गेलो तेव्हा कळले. लेक राहते अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराजवळ. टोपी घालायची होती ती शेजाऱ्यांच्या १९७७ सालच्या फोर्ड पिकअपला.

पिकअप आपल्याकडेही असते. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, हौद्याला खाली पडणारा फाळका. आपल्याकडे ती भाजी आणि सिमेंट वाहते. तिथे ती घरातल्या माणसासारखी वागवली जाते. हौदा उघडा, म्हणजे पाऊस, बर्फ आणि चोर या तिघांनाही मोकळीक. म्हणून हौद्यावर खिडक्या आणि मागे काचेचे दार असलेले फायबरग्लासचे छप्पर बसवतात. कुठे त्याला ‘टॉपर’ म्हणतात, कॅलिफोर्नियाकडे ‘शेल’, वायव्येकडे ‘कॅनपी’. आमच्या गल्लीत ‘कॅप’ म्हणत, म्हणजे शब्दशः टोपीच. आत गादी टाकली की दोन माणसांची झोपायची सोय होते.

टोलेडोत ही गोष्ट घडावी हेही बरोबरच. या गावाची ओळखच ‘काचेचे शहर’ अशी. काचेचे धागे काढून विकणारी ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी १९३८ साली स्थापन झाली, ती याच गावची. पुढे त्या धाग्यांत राळ, म्हणजे रेझिन, मुरवून होड्या झाल्या, १९५३ साली शेवरोलेच्या कॉर्व्हेट मोटारीचे अंग झाले आणि नंतर पिकअपच्या टोप्या. आज कोकण किनाऱ्यावर ‘फायबरची होडी’ म्हणतात, तिचे गोत्र हेच. फायबरला गंज चढत नाही. ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने पत्र्याचा हौदा खाल्ला जातो, वरची टोपी मात्र शाबूत राहते.

शेजारचे आजोबा एक्याऐंशी वर्षांचे, काचकारखान्यातून निवृत्त झालेले. आजीबाई जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यानंतर टोपी उतरवून गॅरेजमागे लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवली होती. एका वादळात तिच्यावर मेपलची फांदी पडली आणि डाव्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत हातभर तडा गेला. आता नातवाला पश्चिमेकडे वायोमिंगमध्ये नोकरी लागली होती. जाताना गाडी घेऊन जा, असे आजोबांनी सांगितले, आणि टोपीसकट, असेही.

बँकेच्या हिशेबात या गाडीची किंमत घसारा वजा जाता चाळीस वर्षांपूर्वीच शून्य झाली असती. आपल्याकडे तर असले उद्योग फार जपून करावे लागतात. आरसी बुकात नोंदवलेल्या मूळ रूपापेक्षा गाडी वेगळी करू नये असे मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम सांगते, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा अर्थ कडकपणे लावला. असो.

मी रोज सकाळी चहा घेतला की कुंपणापाशी जाऊन उभा राहत असे. तिसऱ्या दिवशी आजोबांनी मला आत बोलावले आणि हातात ब्रश दिला. शेवाळ धुऊन झाले. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी उतरवल्या. त्यांच्यामागचे रबर वाळून पापडासारखे मोडत होते. मग आजोबांनी खिशातून नाणे काढले आणि तड्याच्या आजूबाजूला टकटक वाजवायला सुरुवात केली. चांगल्या जागी आवाज खणखणीत. थर सुटले असतील तिथे बद्द. मला हसू आले. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे जुने कॅशियर खोटे नाणे असेच पकडत.

तडा दोन प्रकारचा असतो. वरच्या चकचकीत थराला, जेलकोटला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पडतात. त्याने बिघडते ते फक्त रूप. पण तडा आतल्या काचेच्या थरांपर्यंत गेला असेल तर नुसती लांबी भरून भागत नाही. गाडी हादरली की लांबी निघून येते. तड्याच्या दोन्ही बाजू उतरत्या घासाव्या लागतात, जाडीच्या दहा-बारा पट रुंद, आणि त्या बशीसारख्या खोलगटीत काचेच्या चटईचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवावे लागतात. रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक-दोन भाग. जास्त पडला तर मिश्रण डब्यातच तापते, कमी पडला किंवा हवा गार असली तर दिवसभर चिकट राहते.

हे काम शहाणा माणूस आतून करतो, म्हणजे बाहेरचे रूप अभंग राहते. नातवाने ग्राइंडर घेतला, आत शिरला, आणि तसाच बाहेर आला.

आतल्या करड्या भिंतीवर, नेमक्या तड्याच्या जागी, आजीबाईंच्या अक्षरात यादी होती. ठिकाण, तारीख आणि शेवटी एक रकाना : पाऊस पडला का, आणि पडला तर गळले का. १९७९ बॅडलँड्स, पाऊस, गळले नाही. १९८४ मॅकिनॉ, पाऊस, खिडकीपाशी गळले. अशा चाळीसएक नोंदी, शेवटची २०१६ची. इतकी नेटकी खातेवही मी फार थोड्या शाखांत पाहिली आहे.

नातू म्हणाला, फोटो काढून ठेवू. माझ्या लेकीलाही ते पटले. त्याच्या बाजूने तो बरोबरच होता. घर सोडून दूर निघालेल्या मुलाला गाडी नीट दिसावीशी वाटणारच. आजोबा म्हणाले, “बाहेरून घासू.” एवढेच. मला कोणी विचारले नव्हते, तरी मी आजोबांच्या बाजूने मत दिले. झेरॉक्सवर आमच्या बँकेने कधी कर्ज दिले नाही. मूळ कागद तो मूळ कागद.

बाहेरून काम म्हणजे दुप्पट काम. आत लिखाणावर प्लास्टिकचा कागद ताणून बसवला, मागून फळीचा टेकू दिला, म्हणजे रेझिन झिरपून अक्षरांवर ओघळणार नाही. घासताना शेवटचा आतला पापुद्रा तेवढा राखला. नातू घासायचा, आजोबा आत बसून विजेरीच्या उजेडात प्रकाश कुठे पारदर्शक होतो ते पाहायचे आणि “थांब” म्हणायचे. दोघांत त्या दिवशी दुसरे बोलणे झाले नाही.

खरी परीक्षा रंगाची. उन्हाने पिवळटलेल्या पांढऱ्याला जुळणारा पांढरा बाजारात मिळत नाही. आजोबांनी पुठ्ठ्यावर पापडीएवढे नमुने केले : पिवळ्याचे दोन थेंब, तपकिरीचा एक, काळा सुईच्या टोकाएवढा. ओल्या रंगावर जायचे नाही, वाळल्यावर उन्हात धरून पाहायचे. अकरावा नमुना पसंत पडला. जेलकोटला हवा लागली तर वरचा पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून त्यात मेणाचा अंश. मग सगळ्या टोपीवर पाण्याबरोबर वॉटर पेपर, ८००, १०००, १५००. नंतर कंपाउंड, शेवटी मेण. थर जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणून हात आवरता. इतके करूनही तिरप्या उन्हात डाव्या बाजूला ठिगळ दिसतेच. नातवाला ते दिसत होते, पण तो बोलला नाही.

बसवणे त्या मानाने सोपे. वजन ऐंशीएक किलो. चार कोपऱ्यांना चार माणसे, त्यात एक मी, लेकीचा विरोध पत्करून. हौद्याच्या कडेवर आधी फोमची पट्टी, केबिनला घासू नये म्हणून पुढे दोन बोटे फट, दोन्हीकडे माप सारखे, मग आतून सहा क्लॅम्प. भोक एकही पाडायचे नाही. पाडले की तिथून गंज सुरू. सगळे क्लॅम्प आधी हाताने, मग आळीपाळीने पान्याने. मागे तिसरा ब्रेकदिवाही लावला. असल्या गाड्यांना तो १९९४च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, या गाडीला कायद्याने नको. पण हट्ट आजोबांचा.

निघताना त्यांनी नातवाला एकच बजावले : शंभर मैलांवर थांबून क्लॅम्प पुन्हा आवळ, फोम दबतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या फोनवर नेब्रास्कातून एक फोटो आला. तो त्यांनी कुंपणापाशी येऊन मला दाखवला. आतली भिंत, आजीबाईंच्या शेवटच्या नोंदीखाली वेगळ्या अक्षरातली नवी ओळ. ठिकाण, तारीख, पाऊस पडला, डाव्या खिडकीपाशी दोन थेंब.

आजोबा चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “ती वरची कड. तिथे रबर कमी पडले असणार.” आणि नातवाला फोन लावायला आत गेले.