महागड्या पिस्तुलाने गुण वाढतात का?

एअर पिस्तूल शिकणारी मुलं-मुली सुरुवातीला रेंजवरच्या पिस्तुलानेच सराव करतात. काही महिन्यांनी हात थोडा स्थिरावतो, जिल्हा किंवा राज्य स्पर्धेचे वेध लागतात आणि स्वतःचं पिस्तूल घेण्याचा विषय घरात निघतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली किंवा स्वित्झर्लंडहून येणारं वरच्या दर्जाचं पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं. हाताच्या मापाची मूठ बनवून घेतली तर त्याचे पैसे वेगळे. दुसरीकडे कोणाकडे तरी जुनं, पण चांगलं ठेवलेलं पिस्तूल विकायला असतं. पालकांसाठी हा निर्णय लहान नाही, कारण काही घरांत त्यासाठी कर्ज काढलं जातं. म्हणून या पैशांत काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

दहाच्या वर्तुळाचं गणित

एअर पिस्तूलचं टार्गेट १० मीटरवर असतं. त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी, तर छर्रा ४.५ मिमीचा. छर्ऱ्याची कड वर्तुळाच्या रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा गुण.

चांगल्या अवस्थेतलं कोणतंही स्पर्धेचं पिस्तूल व्हाइसमध्ये घट्ट बसवून झाडलं, तर त्याचे सगळे छर्रे या जागेत सहज मावतात. कारखान्यातून नव्या पिस्तुलासोबत चाचणीचं टार्गेट येतं, त्यावर पाच छर्ऱ्यांचं मिळून एकच भोक दिसतं. रशियातल्या इझेव्हस्कमध्ये बनलेलं, एका पंपावर चालणारं आयझेडएच-४६ हे स्वस्त पिस्तूलही अचूक नळीसाठीच नावाजलं गेलं.

आता माणसाच्या हाताकडे पाहू. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंमी अंतर असतं. नेम धरताना पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिमी सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिमी दूर जातो. दहाच्या जागी सात येतात. ट्रिगर घाईने ओढला की एवढी चूक सहज होते आणि ती कोणतीही महागडी नळी भरून काढत नाही.

जुनी पिस्तुलं कुठे कमी पडतात?

जुन्या पिढीतलं फाइनवेर्कबाउ ६५ हे स्प्रिंगवर चालायचं आणि त्याची रचना झटका हाताला जाणवू नये अशी होती. पुढे एका पंपाची पिस्तुलं आली, मग कार्बन डायऑक्साइडची, आणि १९९०च्या दशकापासून दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची. प्रत्येक बदलाने नेमबाजाचा त्रास कमी केला. पंपाच्या पिस्तुलात प्रत्येक नेमाआधी जोर लावून लिव्हर दाबावी लागते. स्पर्धेतले ६० नेम आणि त्याआधीचे सरावाचे नेम धरले, तर लहान चणीच्या मुलाचा खांदा भरून येतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे थंडीत आणि उन्हाळ्यात पिस्तूल वेगळं वागतं. सिलिंडरच्या पिस्तुलात या दोन्ही अडचणी उरल्या नाहीत.

मात्र गुणांवर त्याचा किती परिणाम झाला, तेही पाहायला हवं. सोव्हिएत नेमबाज सर्गेई पिझ्यानोव्ह यांनी १९८९मध्ये म्युनिकला ६०० पैकी ५९३ गुणांचा जागतिक विक्रम केला. तो मोडायला २००९ उजाडलं. कोरियाच्या जिन जोंग-ओ यांनी ५९४ गुण केले. मधल्या वीस वर्षांत पिस्तुलांची पिढी बदलली, पण विक्रम एका गुणाने पुढे सरकला.

जादा पैसे कशाला जातात?

पहिली गोष्ट ट्रिगर. नियमानुसार एअर पिस्तूलच्या ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅमचा भार लागतो. स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाची नळी वर करून उभी धरतात, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि ते उचलून पाहतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल परत. वरच्या दर्जाच्या पिस्तुलात ट्रिगरचा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, ट्रिगरची जागा, कोन हे सगळं बारीक स्क्रूंनी बसवता येतं आणि बसवलेलं तसंच टिकतं. जुन्या, झिजलेल्या ट्रिगरचं तसं नसतं. तो एका नेमाला हलका, तर दुसऱ्याला जड लागतो आणि बोटाला कधीच खात्री वाटत नाही.

दुसरी गोष्ट तोल. वजनं मागे-पुढे सरकवून पिस्तूल आपल्या हाताला जुळवता येतं. तिसरी गोष्ट झटका शोषणारा अ‍ॅब्सॉर्बर. त्याचा उपयोग खरा आहे, पण नवशिक्याला तो जाणवतही नाही.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कियेचे युसुफ दिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभे राहिले आणि मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक घेऊन गेले. तो फोटो दाखवून साहित्याला काही अर्थ नसतो, असं अनेकांनी सांगितलं. पण त्यांनी बाजूला ठेवली होती ती डोळ्यांची खास उपकरणं. हातातलं पिस्तूल स्पर्धेच्या दर्जाचंच होतं.

मूठ सर्वांत महत्त्वाची

माझ्या मते पिस्तुलात पैसे आणि वेळ घालवण्यासारखी एक जागा असेल, तर ती मूठ, म्हणजे ग्रिप. पिस्तूल डोळे मिटून उचललं, डोळे उघडले आणि दोन्ही साइट आपोआप एका रेषेत दिसल्या, तर मूठ हाताला बसली असं समजावं. साइट सतत डावीकडे किंवा खाली दिसत असतील, तर नेमबाज प्रत्येक नेमाला मनगट वळवून ती चूक सुधारत असतो. चाळिसाव्या नेमापर्यंत मनगट थकतं आणि गुण घसरतात.

यासाठी नवं पिस्तूल लागतंच असं नाही. लाकडी मूठ कानशीने थोडी थोडी घासायची, जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पुटी भरायची, सुकू द्यायची, पुन्हा हात ठेवून पाहायचं. तळव्याखालचा आधार सैल किंवा घट्ट करायचा. हे काम कोचच्या देखरेखीखाली व्हावं, कारण त्यालाही नियमांची चौकट आहे. पूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत बसलंच पाहिजे. पुटीचे थर वाढवत गेल्यावर जाडी ५० मिमीच्या पुढे गेली, तर तपासणीत अडकतं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. पूर्ण आकाराचं पिस्तूल साधारण किलोभर वजनाचं असतं आणि ते एका हाताने, हात लांब करून धरायचं असतं. वाढत्या वयात हाताचं माप दरवर्षी बदलतं. बारा वर्षांच्या मुलासाठी मापाची महागडी मूठ बनवणं म्हणजे वर्षभरात निरुपयोगी होणारा खर्च. त्याला लहान मूठ आणि हलकं कॉम्पॅक्ट मॉडेल जास्त योग्य.

जुनं घेताना काय पाहावं?

सिलिंडरवर छापलेली तारीख सगळ्यात आधी पाहा. स्पर्धेत सिलिंडर जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंतच चालतो. मुदत संपत आलेली असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत व्यवहारात धरा. भरलेला सिलिंडर रात्रभर तसाच ठेवून सकाळी दाब उतरला आहे का ते तपासा. उतरला असेल, तर सील गेले आहेत. ट्रिगर वजन लावून तपासा. मग टेकू देऊन दहा नेम झाडा आणि ग्रुपिंग पाहा. त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का आणि जवळपास दुरुस्ती करणारं कोणी आहे का, हेही विचारा. भाग परदेशातून यायला वेळ लागला, तर ऐन मोसमात मूल रिकाम्या हाताने बसतं.

बिघाड नव्या, उत्तम पिस्तुलातही होतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताच्या मनू भाकरच्या पिस्तुलात एअर पिस्तूलची स्पर्धा चालू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. तिने ५७५ गुण केले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने याच प्रकारात कांस्यपदक जिंकलं. म्हणून वेळेवर सर्व्हिसिंग आणि शक्य असेल तिथे पर्यायी पिस्तुलाची सोय, हाही खर्चाचाच भाग समजावा.

खर्चाचा क्रम

आधी छर्रे. स्पर्धेचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा किंचित वेगळ्या मापांत मिळतात. आपल्या नळीला कोणतं माप मानवतं, ते तपासून तेच वापरावं. ५०० छर्ऱ्यांचा डबा ६० नेमांच्या सरावाला जेमतेम आठ दिवस पुरतो. सगळी पुंजी पिस्तुलात गेली आणि छर्ऱ्यांसाठी हात आखडला, तर ते पिस्तूल कपाटातच राहतं. त्यानंतर कोच, रेंजची फी आणि स्पर्धांचा प्रवास. रोजचा ड्राय सराव मात्र जवळपास फुकटात होतो. कोरी भिंत, रिकामं पिस्तूल आणि ट्रिगर दाबताना साइट हलू न देण्याचा प्रयत्न, एवढंच त्याला लागतं.

पुढे २५ मीटरच्या प्रकाराकडे वळायचं असेल, तर एअर पिस्तूलवरचा हा पाया उपयोगी पडतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरमध्येच सुवर्ण जिंकलं. तिथे .२२चं पिस्तूल लागतं आणि त्याला शस्त्रपरवाना लागतो. ४.५ मिमीच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला तो लागत नाही. त्यामुळे आवडीनिवडी आणि चुका एअर पिस्तूलवरच तपासून घेणं सोपं.

मग महागडं केव्हा?

गुण ५५०च्या खाली असताना दोन लाखांच्या पिस्तुलाने चमत्कार होत नाही. तिथले हरवलेले गुण बहुतेक ट्रिगर आणि होल्डिंगचे असतात. पण मूल राज्य-राष्ट्रीय स्तरावर सातत्याने ५६५-५७० करत असेल, हाताची वाढ थांबली असेल आणि सध्याच्या पिस्तुलात नेमकं काय अडतं हे त्याला स्वतःला सांगता येत असेल, तर चांगलं पिस्तूल घेऊन द्यावं. त्या पातळीवर अंतिम फेरीत एकेक दशांश मोजला जातो. पॅरिसच्या अंतिम फेरीत मनूचं रौप्य ०.१ गुणाने हुकलं. तिथपर्यंत पोचलेल्या नेमबाजाला शंकेला जागा नसलेलं पिस्तूल मिळायलाच हवं. त्याआधीची वर्षं मात्र नीट ठेवलेल्या जुन्या पिस्तुलावर, हाताला बसणाऱ्या मुठीवर आणि भरपूर छर्ऱ्यांवर घालवावीत. कर्ज काढून पहिल्याच वर्षी महागडं पिस्तूल आणलं, तर गुणांचं ओझं मुलाच्या खांद्यावर पडतं आणि ते किलोभर पिस्तुलापेक्षा कितीतरी जड असतं.