सहा कपांचा संप्रदाय

दिवाळीच्या आधीची आवराआवर हा आमच्या घरात एक स्वतंत्रच सण असतो. यंदा त्या सणात काचेच्या कपाटातली धूळ खाली उतरली आणि तिच्यामागोमाग एक कपही उतरला. आईच्या लग्नात आलेला चिनी मातीचा सेट. सहा कप, सहा बश्या, किटली, दूधदाणी, साखरदाणी असा सगळा सरंजाम. आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "गेला गं बाई सेट!"

वास्तविक गेला होता एक कप. नववीतल्या लेकीने लगेच शंका काढली. गणिताच्या पुस्तकात सेटला संच म्हणतात, आणि संचातला एखादा घटक काढून टाकला तरी मागे राहतो तोही संचच असतो. मग आजीचा सेट गेला कसा? आजी म्हणाली, "तुझ्या गणितात पाच कपांचा सेट असेल, बाजारात नसतो." दोघींनीही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले. मराठी शिकवणाऱ्या माणसाने अशा वेळी जे करावे तेच मी केले. कोशाआड लपलो.

बाहेर आलो तो दुसऱ्या दिवशी. कारण हा तीन अक्षरी इंग्रजी शब्द दिसतो तसा गरीब नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची कहाणी पुष्कळांना ठाऊक असेल. जेम्स मरे नावाचा शाळामास्तर 1879 साली त्याचा संपादक झाला, अंगणात पत्र्याची खोली बांधून शब्दांच्या चिठ्ठ्या लावत बसला आणि कोश पुरा होण्याआधीच 1915 साली वारला. पहिला भाग निघाला 1884 मध्ये, शेवटचा 1928 मध्ये. पुढे 1989 साली त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तीत सर्वांत लांबलचक नोंद कुठली असेल? प्रेम नव्हे, ईश्वर नव्हे, सत्य तर नव्हेच. ती होती 'सेट'ची. एकट्या क्रियापदाचे चारशे तीसच्या वर अर्थ आणि सारी नोंद मिळून साठ हजारांच्या आसपास शब्द, म्हणजे एक बेताची कादंबरीच. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाने सहाशे पंचेचाळीस अर्थ जमवून त्याला मागे टाकल्याचे 2011 साली जाहीर झाले. धावणाऱ्याने बसलेल्याला गाठले, यात नवल ते काय?

'बसलेल्या' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. सगळी गंमत तिथेच आहे. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे, आणि 'सेट' हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आपल्याकडे जसे करणे-करवणे, तसे तिकडे सिट-सेट. हा 'सिट' आणि संस्कृतातला 'सद्' धातू एकाच मुळातले. ज्या धातूपासून आपल्याला सदन, संसद, परिषद आणि उपनिषद मिळाले, त्याच घराण्याच्या विलायतेतल्या शाखेने पुढे चहाच्या कपांपर्यंत मजल मारली.

आता हे 'बसवणे' मनात धरा आणि इंग्रजी प्रयोग एकेक काढून पाहा. साहेबाचा सोनार अंगठीत हिरा सेट करतो, आपला सोनार कोंदणात खडा बसवतो. तिकडे मोडलेले हाड सेट करतात, आपला हाडवैद्य हाड बसवतो. तिकडे दगड, खुंट, खांब सेट करतात, आपणही ते बसवतोच. कोशात चारशे अर्थ पाहून छाती दडपते खरी, पण त्यांतल्या कितीतरी अर्थांची आपली जुनी ओळख निघते. आपण तर त्याच्याही पुढे गेलो आहोत. आपण नाटक बसवतो, घट बसवतो, गणपती बसवतो, घडी बसवतो, आणि एखादा फार बोलू लागला तर त्याला खालीही बसवतो. नुसत्या 'बसणे'चा पसारा पाहा. विश्वास बसतो, धक्का बसतो, आवाज बसतो, पाऊस दडी मारून बसतो, धंदा बसतो. यातला विश्वास बसला तर चांगले आणि धंदा बसला तर वाईट, हे परक्या माणसाला कसे समजावून सांगायचे?

जिथे 'बसवणे' अपुरे पडते तिथे आपले 'लावणे' धावून येते. गजर, सापळा, रोप, आग, चाल या साऱ्यांना इंग्रजीत एकटा 'सेट' पुरतो आणि मराठीत एकटे 'लावणे'. 'लागणे' हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात काढून पाहा. 1831 साली पहिल्यांदा छापलेला हा कोश एका इंग्रजाने रचला. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, वेड लागते, निकाल लागतो आणि नात्याने कोण कोणाचा कोण लागतो, हे सगळे टिपताना त्या भल्या गृहस्थाला काय वाटले असेल! मरेच्या चिठ्ठ्यांचे कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांनी हे पानही एकदा उघडावे.

मात्र एक गोष्ट कोशाने मला नवीच सांगितली. कपांचा सेट हा या घराण्यातला नव्हेच! 'समुदाय' या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे पंथ, एकामागून एक चालणाऱ्यांचा मेळा. दोन निराळ्या घरांतली माणसे नावे सारखी म्हणून एकत्र राहू लागली आणि पुढे कोण कुठले हे कुणाला आठवेना, तसे झाले. म्हणजे आमच्या कपाटात होता तो सहा कपांचा संप्रदाय. मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, "मग एक फुटला म्हणजे संप्रदायात फूट पडली म्हणायची." भाषाशास्त्र शिकलेल्या माणसाला एवढे सुचले नव्हते.

स्वयंपाकघरात मात्र मला या शब्दाचा थोडा राग आहे, तोही सांगून टाकतो. पूर्वी दही लागत असे. "दही लागलंय का बघ" म्हटले की त्यात आदल्या रात्रीचे विरजण, दुधाचा कोमटपणा, हवेतला गारठा, सगळे येई. वडीचे मिश्रण आळत असे. आता मोबाइलवर पाककृती सांगणाऱ्या बाया दही सेट करतात, वडी सेट करतात, आणि माझी सौ. त्यांचे ऐकून पुडिंगाबरोबर खरवसही सेट करते. परका शब्द आला याचे दुःख नाही. टेबल आले, कप आला, बिघडले काय? पण लागणे, आळणे, बसणे, गोठणे या चौघांचे काम एकटा पाहुणा करू लागला की चौघे हळूहळू घरी बसतात. हा 'बसणे'चा आणखी एक अर्थ.

आणि मग तो दुसरा सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ जी प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा घेते, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचाही उच्चार 'सेट' असाच होतो. या परीक्षेला 'बसावे' लागते, ही भाषेने केलेली थट्टाच. बसलेल्यांतले शंभरात सहाच्या आसपास पार होतात. मी पार झालो त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली आणि शेजारी सांगून आली, "आमचा मुलगा सेट झाला." तिच्या लेखी सेट होणे म्हणजे मार्गाला लागणे. त्यानंतर सात वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. ज्यांना हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जेवढे तास घ्याल तेवढ्यांचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. एका कॉलेजात तर आम्हाला दिवाळीचे पैसे होळीला मिळाले. दर दिवाळीला आई विचारी, "आता तरी सेट झालास का रे?" आणि मी म्हणे, "झालोय ना, प्रमाणपत्र आहे की." माझ्या या विनोदाला ती कधी हसली नाही.

यंदा वसुबारसेला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मराठवाड्यातला, वडील शेतकरी. एम. ए.ला पहिल्या वर्गात आलेला, ज्ञानेश्वरीतल्या क्रियापदांवर तासन् तास बोलणारा. त्याचीही सेट होऊन सहा वर्षे झाली. सध्या तो दोन गावांतल्या दोन कॉलेजांत तास घेतो आणि मधला वेळ एस. टी.त घालवतो. लग्न ठरत नाही, कारण मुलीकडचे विचारतात, "मुलगा सेट आहे का?" तो खरे तेच सांगतो, "हो, सेट आहे." मग त्यांच्या लक्षात येते की हा दुसराच सेट. हे सांगताना तो हसत होता. मला हसू येईना. पुढच्या मुलाखतीसाठी त्याला माझे शिफारसपत्र हवे होते, ते मी तिथेच बसून लिहिले. हे त्याला दिलेले पाचवे पत्र. मजकूर तोच, तारीख तेवढी नवी.

आईने फराळाची ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि विचारले, "काय रे, झालास का सेट?"

"होईन आजी, या वर्षी होईन," तो म्हणाला.

सौ. चहा घेऊन आली. आई, आम्ही दोघे, लेक आणि तो. कप बरोबर पुरले.