मोबाईलमध्ये नवीन ब्राउझर वापरून पाहताना



गेल्या वर्षीची गोष्ट. वर्गात जलचक्र शिकवत होते. शाळेत प्रोजेक्टर नाही, म्हणून माझाच मोबाईल काढला. दहा-बारा मुलं भोवती गोळा झाली. व्हिडिओ सुरू झाला आणि वरून एक जाहिरात सरकत खाली आली. मुलांसमोर येऊ नये अशी! मी पटकन मोबाईल पालथा घातला, पण पुढच्या मुलीने वाचलंच होतं. "बाई, याचा अर्थ काय?" असं तिने विचारलं. त्या दिवशी ठरवलं, हा ब्राउझर आता बदलायचाच. ते करताना जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

ब्राउझर म्हणजे नक्की काय?

आपल्यापैकी बरेच जण "गूगल उघड" म्हणतात आणि त्यालाच इंटरनेट समजतात. एसटीचं उदाहरण घ्या. वेबसाईट म्हणजे आपल्याला जायचं ते गाव. सर्च इंजिन म्हणजे स्टँडवरची चौकशी खिडकी. आणि ब्राउझर म्हणजे प्रत्यक्ष गावाला नेणारी गाडी. गाडी बदलली तरी गाव तेच राहतं. म्हणून नवीन ब्राउझर घेतला तर आपल्या वेबसाईट बंद पडतील, ही भीती मनातून काढून टाका.

जगातला पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत तयार केला. २००४ मध्ये फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम. आज एज, ब्रेव्ह, ऑपेरा अशी नावं वेगवेगळी दिसतात, पण त्यांचं आतलं इंजिन क्रोमचंच, म्हणजे क्रोमियमवर आधारलेलं आहे. फायरफॉक्सचं इंजिन मात्र स्वतंत्र आहे, त्याचं नाव गेको. (हे अँड्रॉइड मोबाईलबद्दल सांगतेय.) खरोखर वेगळी गाडी बघायची म्हणून मी फायरफॉक्स निवडला.

कसं करून बघायचं?

१) जुना ब्राउझर लगेच काढू नका. दोन्ही एकाच मोबाईलमध्ये सुखाने राहतात. जुन्यात साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क नव्यात आपोआप येतील असं धरून चालू नका. आधी वहीत यादी करा की कोणकोणत्या वेबसाईटवर आपलं लॉगिन आहे. वही मात्र घरीच ठेवा.

२) ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. मिळतीजुळती नावं खूप असतात, म्हणून नावाखाली कंपनी कोणती ते वाचा. फायरफॉक्सखाली मोझिला असायला हवं. कुणी पाठवलेल्या लिंकवरून ब्राउझर कधीच घेऊ नका. आपण टाकतो तो प्रत्येक पासवर्ड ब्राउझरमधूनच जातो.

३) उघडल्यावर सेटिंगमध्ये जा. तिथे भाषा मराठी निवडता येते. ट्रॅकिंगपासून संरक्षण आधीपासून चालू असतं, ते तसंच राहू द्या.

४) जाहिराती अडवायच्या असतील तर ॲड-ऑन्समध्ये जाऊन यूब्लॉक ओरिजिन बसवा. मोबाईलवर अशी जोडणी घेता येते, ही मला फायरफॉक्सची सगळ्यात मोठी सोय वाटली.

आठवडाभराची चाचणी

मुलांची घेतो तशी ब्राउझरचीही चाचणी घ्या. मराठी पान उघडून बघा, जोडाक्षरं नीट दिसतात का. एखादी पीडीएफ डाउनलोड करा आणि ती सापडते का ते पाहा. एखादा ऑनलाइन फॉर्म उघडून बघा. आठवड्याच्या शेवटी मोबाईलच्या सेटिंगमध्ये डेटा वापर बघा, कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला ते तिथे कळतं. काही वेबसाईट क्रोम डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेल्या असतात. तिथे फॉर्म अडला तर चिडू नका, तेवढ्यापुरता क्रोम वापरा. मीही तसंच करते.

पसंत पडला तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲप्स, मग डीफॉल्ट ॲप्स, तिथे ब्राउझर निवडा. (काही मोबाईलमध्ये नावं थोडी वेगळी असतात.) मग आलेल्या लिंक सहसा त्यातच उघडतील.

आता खरी गोष्ट

जुन्या ब्राउझरची सेटिंग तपासताना मला एक यादी सापडली. सूचना पाठवायची परवानगी मी कोणकोणत्या वेबसाईटला दिली आहे, त्याची. मोजल्या तर चौदा! वर्गात आलेली ती जाहिरात त्यातल्याच एका वेबसाईटची होती. कधीतरी घाईत पान उघडताना मी "अलाऊ" दाबलं होतं. म्हणजे दरवाजा मीच उघडा ठेवला होता, आणि वर्षभर दोष ब्राउझरला देत होते.

म्हणून सांगते, ब्राउझर बदला किंवा बदलू नका, पण आज ही दोन कामं नक्की करा. पहिलं, ब्राउझरच्या साईट सेटिंगमध्ये जाऊन सूचनांची यादी उघडा आणि नको त्या वेबसाईटची परवानगी काढा. दुसरं, मुलांसमोर मोबाईल धरण्याआधी 'व्यत्यय आणू नका' ही सोय चालू करा. आणि हो, खासगी टॅबमध्ये उघडलं म्हणजे कुणालाच काही दिसत नाही, हाही गैरसमज आहे. त्यात फक्त आपल्या मोबाईलवर इतिहास राहत नाही.

आपल्या मोबाईलमध्ये मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे नंबर असतात. आपण वर्गाला कुलूप लावल्याशिवाय घरी जात नाही. मग मोबाईलचा दरवाजा तरी उघडा का ठेवायचा?

करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.