घरातला स्टुडिओ – ७ : स्पीकरविना इलेक्ट्रिक गिटार

चिखली, मोशी किंवा निगडी प्राधिकरणात राहणाऱ्याचं ‘रात्री आवाज नको’ एवढ्यावर भागत नाही. चाकण-भोसरीचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात. भर दुपारी सुद्धा वरच्या मजल्यावर कुणीतरी तिसरी पाळी करून येऊन झोपलेलं असतं. कायद्याने निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प रंगात येईपर्यंत वाढवला, तर मीटरभर अंतरावर तो सहज शंभरी ओलांडतो. भिंतीला गाद्या टेकवूनही फारसं साधत नाही, कारण खालचे स्वर स्लॅबमधून जातात. तेव्हा कॅबिनेटपुढे माइक ठेवायची पुस्तकी पद्धत आपल्याकडे चोवीस तासांत कुठेच बसत नाही.

याच वाटेवर आपल्या आधी एक नोकरदार इंजिनिअर चालून गेला आहे. टॉम शोल्झ एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन पोलरॉइड कंपनीत नोकरी करायचा आणि घरी आल्यावर तळघरात गिटार रेकॉर्ड करायचा. त्यातून ‘बॉस्टन’ बँडचा १९७६ चा पहिला अल्बम उभा राहिला. पुढे त्याने अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून ताकद गिळणारा ‘पॉवर सोक’ काढला आणि १९८२ मध्ये ‘रॉकमन’. हा कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा डबा. त्यातून गिटार थेट हेडफोनमध्ये. डेफ लेपर्डच्या ‘हिस्टेरिया’ या १९८७ च्या अल्बमवर याच रॉकमनची छाप आहे. गुळगुळीत, जरा प्लॅस्टिकचा आवाज. मला स्वतःला तो फार वेळ ऐकवत नाही. पण शोल्झने नेमकं ओळखलं होतं की फक्त आवाज लहान करून चालत नाही, स्पीकरचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं.

ते काम कोणतं? गिटारचा बारा इंची स्पीकर आवाज मोठा करतो, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो चाळणी आहे. पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं तो अडवतो, अगदी तळाचंही कापतो आणि मधल्या पट्ट्याला स्वतःचा रंग देतो. डिस्टॉर्शनमधून निघणारी कर्कश भणभण तिथेच थांबते. चाळणी काढल्यावर काय उरतं हे ऐकायचं असेल, तर बीटल्सचं १९६८ चं ‘रेव्होल्यूशन’ लावा. त्यातल्या गिटारी थेट मिक्सिंग डेस्कला जोडून मुद्दाम फाडल्या होत्या. एका गाण्यात तो चमत्कार शोभला. आपल्या रेकॉर्डिंगमध्ये तसंच ऐकू येऊ लागलं, की नवशिका अ‍ॅम्पचा प्लग-इन बदलत बसतो. दोष तिथे नसतो.

आज ही चाळणी एका छोट्या ध्वनी-फाइलमध्ये मिळते. तिला इम्पल्स रिस्पॉन्स, थोडक्यात आयआर म्हणतात. आपल्या पट्ट्यात हे समजावणं सोपं आहे. वाहनांच्या एनव्हीएच चाचणीत, म्हणजे आवाज आणि कंपनं मोजण्याच्या कामात, सुट्या भागावर सेन्सर लावलेल्या हातोडीने ठोका देतात आणि तो भाग कसा थरथरतो याची नोंद घेतात. त्या एका नोंदीवरून इतर वारंवारितांना तो काय उत्तर देईल, हे काढता येतं. कॅबिनेट आणि त्यापुढचा माइक यांचंही तसंच करतात. फक्त ठोक्याऐवजी बहुधा खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवतात. निघणारी फाइल सेकंदाच्या छोट्या अंशाची असते. संगणक तुमच्या कोरड्या गिटारवर तिचं गणित चालवतो. स्पीकर फार ताणल्यावर स्वतः फाटतो, ते मात्र या गणितात येत नाही. तरीही माझा आग्रह राहील: दहा अ‍ॅम्प बदलून पाहण्याआधी एकच अ‍ॅम्प ठेवून तीन-चार आयआर बदला. फरक तिथे मोठा असतो. अ‍ॅम्पसाठी ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसा आहे.

जोडणीत एकच गोष्ट कटाक्षाने पाहा. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं बटण असतं, ते दाबलेलं हवं. गिटारच्या पिकअपला समोर साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. दहा हजार ओहमच्या लाइन इनपुटला जोडलं की वरचे स्वर मरतात आणि तार जुनी झाल्यासारखी वाटते. सगळ्यात जोरात वाजवाल तेव्हा मीटर उणे सहाच्या खाली राहू द्या.

आता गुरगुर. सिंगल-कॉइल पिकअप हा मुळात चुंबकावर गुंडाळलेला तारेचा वेटोळा, त्यामुळे खोलीतली प्रत्येक विद्युत खोडी तो टिपतो. माझ्या अनुभवात पहिला आरोपी छताच्या पंख्याचा फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा, आणि ऐका. दुसरा, दोन पिनांचा लॅपटॉप चार्जर: टेक घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. तिसरा, गुरुवारी वीज गेल्यावर चालू होणारा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. त्या वेळी रेकॉर्डिंगचा नाद सोडून तारा बदलाव्यात. एवढं करूनही घुंई राहिली तर खुर्चीसह हळूहळू वळा; एका कोनात ती बरीच कमी होते.

ज्यांच्याकडे खरा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आहे त्यांच्यासाठी एक धोक्याची सूचना. स्पीकर काढून अ‍ॅम्प तसाच चालू करू नका. भाराशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मध्ये लोड बॉक्स हवाच, तोही अ‍ॅम्पच्या ओहमला जुळणारा आणि वॅट पेलणारा. भोसरीत आठ ओहमचा जाडजूड वायरवाउंड रेझिस्टर मिळेल आणि अ‍ॅम्प वाचेलही, पण हाताखालची लवचीकता जाईल. खऱ्या स्पीकरचा विरोध सगळीकडे सारखा नसतो. तळाशी, त्याच्या स्वतःच्या कंपनाजवळ तो उसळतो आणि वर पुन्हा चढतो. महागडे रिअ‍ॅक्टिव्ह लोड हा चढउतार उभा करतात, पैसे त्याचे असतात.

तार छेडल्यावर आवाज उशिरा येत असेल तर बफर कमी करा आणि इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर वापरा. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, येण्याजाण्याचा आणि रूपांतराचा वेळ धरून हिशेब दहाच्या आसपास जातो. स्टेजवर अ‍ॅम्पपासून तीन मीटर लांब उभं राहिलं तरी आवाज पोचायला नऊ मिलिसेकंद लागतातच, त्यामुळे या आकड्याचा बाऊ करू नये.

टेक झाल्यावर कोरडा ट्रॅक कधीही पुसू नका. अ‍ॅम्प आणि आयआर नंतर कितीही वेळा बदलता येतात. आणि ऱ्हिदम गिटार रुंद हवी असेल तर तोच ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे ठेवण्यात अर्थ नाही, दोन्ही मिळून आवाज मधोमधच येतो. तोच भाग पुन्हा वाजवा, शक्यतो दुसऱ्या पिकअपवर आणि दुसऱ्या आयआरमधून. पुढच्या आठवड्यात बेस गिटार.