प्रिंटर एक, माणसं अनेक

वाराणसीला गेलात तर दशाश्वमेध घाटाच्या अगदी जवळ, मधला शीतला घाट ओलांडला की अहिल्याबाई घाट लागतो. गेल्या हिवाळ्यात आई, बाबा, आजी आणि मी त्या घाटामागच्या गल्लीत एका छोट्या लॉजमध्ये उतरलो होतो. आजीची फार वर्षांची इच्छा होती. 'काशीला जायचं तर अहिल्याबाईंच्या पायऱ्यांवर बसायचं' असं ती निघाल्यापासून म्हणत होती.

तिसऱ्या दिवशी त्याच पायऱ्या चढताना आजीला धाप लागली. जवळच्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, 'घाबरू नका' म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं. विमान कंपनीला फोन केला तर त्यांनी दोन पानी फॉर्म पाठवला. 'प्रवासाला हरकत नाही' असं डॉक्टरांनी त्यावर सही-शिक्क्यासह लिहून द्यायचं होतं. डॉक्टर रात्री आठ वाजता दवाखाना बंद करणार होते. संध्याकाळचे सात वाजले होते. फॉर्म माझ्या मोबाइलमध्ये होता आणि लॉजच्या काउंटरवर प्रिंटरही होता.

"दीदी, ये तो दोपहर से ऑफलाइन दिखा रहा है," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

तुमच्या घरी, दुकानात किंवा सोसायटीच्या ऑफिसात एकच प्रिंटर चार-पाच जण वापरत असतील, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आणि नेमकं ते घाईच्या वेळीच ऐकू येतं. म्हणून त्या संध्याकाळी काय बिघडलं होतं, ते कसं सुरू झालं आणि त्यातून मला कशाची धास्ती वाटली, ते आज तुम्हाला सांगते. मी इंग्रजी घेऊन बीए केलेली मुलगी आहे, इंजिनिअर नाही. बारा जणांत एक प्रिंटर असलेल्या ऑफिसात काम करता करता एवढं शिकले. तुम्हालाही जमेल.

दिवा हिरवा, तरी ऑफलाइन का?

प्रिंटर चालू होता, कागद होता, शाई होती. मग 'ऑफलाइन' कशाला? मुलाला विचारलं, तेव्हा कळलं की दुपारी वीज गेली होती. खरं कारण तिथेच होतं.

वाय-फायवर असलेल्या प्रत्येक वस्तूला राउटर एक पत्ता देतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. पण बहुतेक ठिकाणी हा पत्ता कायमचा नसतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो. कॉम्प्युटरला मात्र जुनाच पत्ता ठाऊक असतो. बिऱ्हाड हललं आणि पोस्टमन जुन्याच दारावर थाप मारत राहिला, तसं होतं. कॉम्प्युटरला वाटतं घरात कोणी नाही, म्हणून तो 'ऑफलाइन' म्हणतो.

प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कच्या माहितीत नवा पत्ता दिसत होता. कॉम्प्युटरवर 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'पोर्ट्स'मध्ये तो भरला.

तुमच्याकडे हे वारंवार होत असेल तर कायमचा उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय असते. तिथे प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवायचा. मग वीज दहा वेळा गेली तरी प्रिंटर त्याच पत्त्यावर सापडतो. इंटरनेट बसवून देणारा माणूस घरी आला असेल तेव्हा त्याच्याकडूनच हे करून घ्या.

प्रिंटर सुरू झाला आणि...

पत्ता बदलताच प्रिंटर घरघरला. मला हायसं वाटलं. पण पहिलं पान बाहेर आलं ते आमचं नव्हतं. ते कुणा अनोळखी बाईंचं आधार कार्ड होतं. मग एका कुटुंबाची चार आधार कार्डं. मग एक बँक पासबुकाचं पहिलं पान. अशी अकरा पानं आली आणि नंतर आमच्या फॉर्मची दोन.

दुपारपासून ज्यांनी ज्यांनी प्रिंट मागितली, त्यांची पानं रांगेत अडकून पडली होती. 'होत नाही' म्हणून ती माणसं केव्हाच निघून गेली होती. त्यांची कागदपत्रं मात्र कॉम्प्युटरमध्ये वाट बघत थांबली होती आणि ती आता माझ्या हातात होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, सगळं!

कॉम्प्युटर पानं थेट प्रिंटरला देत नाही. आधी एका रांगेत लावतो. प्रिंट झाली नाही म्हणून आपण पुन्हा पुन्हा बटण दाबतो, तेव्हा त्याच पानाच्या प्रती रांगेत वाढत जातात. म्हणून एक सवय लावा. प्रिंट आली नाही, तर तिथून उठण्यापूर्वी रांग उघडून आपलं काम रद्द करा. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', मग 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', मग 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' इथे आपला प्रिंटर निवडला की 'ओपन प्रिंट क्यू' दिसतं.

कधी कधी पहिलंच काम असं अडकतं की रद्दही होत नाही आणि मागची सगळी रांग खोळंबते. अशा वेळी 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा आणि परत सुरू करायचा. त्याने बरेचदा काम भागतं. नाही भागलं तर कॉम्प्युटरची माहिती असलेल्या माणसाला बोलवा. उगाच आतल्या फायली उडवत बसू नका.

एकच प्रिंटर सगळ्यांनी कसा वापरायचा?

याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत.

पहिला, प्रिंटर वायरने एका कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि तो कॉम्प्युटर इतरांना वाट करून देतो. त्या कॉम्प्युटरवर 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'शेअरिंग'मध्ये 'शेअर धिस प्रिंटर'वर खूण करायची. घरच्या वाय-फायला 'प्रायव्हेट नेटवर्क' म्हणून नोंदवायचं आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू ठेवायचं. जुन्या प्रिंटरसाठी हा मार्ग बरा. अडचण एकच, तो कॉम्प्युटर बंद असला किंवा झोपी गेला, तर कुणालाच प्रिंट मिळत नाही. बाबांनी लॅपटॉप मिटला की ताईचा प्रकल्प अडतो, तो यामुळेच.

दुसरा, प्रिंटर थेट राउटरला वाय-फायने किंवा वायरने जोडायचा. मग मधला कॉम्प्युटर लागत नाही. आयफोनमध्ये २०१० पासून 'एअरप्रिंट' आहे. अँड्रॉइडमध्ये 'डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस' असते. नवा प्रिंटर घेणार असाल तर हाच मार्ग निवडा.

फोनला प्रिंटर दिसत नसेल तर दोन गोष्टी तपासा. एक, फोन आणि प्रिंटर एकाच वाय-फायवर आहेत ना? पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट' वाय-फाय वेगळं असेल तर त्यावरून घरचा प्रिंटर सहसा दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. लॉजमध्ये माझ्या फोनचं तेच झालं, म्हणून मला फॉर्म काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर पाठवावा लागला. दोन, घरगुती वापराचे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात. प्रिंटर बसवताना ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडलं तर तो जोडलाच जात नाही.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक काळजी घ्या. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वर्डची फाइल उघडली आणि तिथे तुमचा फॉन्ट नसला, तर अक्षरं बदलतात, जागा हलतात, कधी नुसत्या चौकटी छापून येतात. घरूनच पीडीएफ करून न्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा बरोबरच जातो.

ही सोय आली कुठून?

ज्या कंपनीच्या नावाने आपण छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणतो, तिच्याच कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लेझर प्रिंटर तयार होत होता. यंत्र मोठं आणि महागडं, प्रत्येकाच्या टेबलावर ठेवणं शक्यच नव्हतं. तिथल्या 'ऑल्टो' कॉम्प्युटरांना एकमेकांशी आणि त्या प्रिंटरशी जोडायला १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत आखली. तीच 'इथरनेट'. आज राउटरमागे जी निळी-पिवळी वायर लावता, ती याच घराण्यातली. म्हणजे एक प्रिंटर सगळ्यांनी वापरायचा, ही गरज नेटवर्कच्या जन्माच्या वेळीच हजर होती.

'प्रिंटरच तर आहे' असं म्हणू नका

फेब्रुवारी २०१६ मध्ये ढाक्यात बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतला एक प्रिंटर बंद पडला. परदेशी व्यवहारांच्या नोंदी आपोआप छापणं, एवढंच त्याचं काम. कर्मचाऱ्यांना वाटलं, नेहमीचंच आहे, बघू नंतर. प्रत्यक्षात बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनीच तो प्रिंटर गप्प केला होता. तो सुरू होऊन खरा प्रकार कळेपर्यंत न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले होते.

२०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्येच 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी सापडली. त्यातून परक्या माणसाला कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. तुमच्या-माझ्या घरी कोट्यवधी डॉलर नाहीत, पण आधार, पॅन, पासबुक आणि रिपोर्ट आहेत. म्हणून एवढं करा.

• प्रिंटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

• कॉम्प्युटर आणि प्रिंटर, दोन्हींचे अपडेट टाळू नका.

• पाहुणे, भाडेकरू, ग्राहक यांना गेस्ट वाय-फाय द्या.

• ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरवर पिन टाकल्यावरच पान छापण्याची सोय असते. ती असेल तर वापरा.

• बाहेर आधारची प्रत द्यायची असेल आणि चालत असेल तर 'मास्क्ड आधार' द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

• दुकानात व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेलवर फाइल पाठवलीत तर प्रिंट हातात आल्यावर ती समोर उभं राहून पुसायला लावा. डाउनलोड फोल्डरमधूनही आणि 'रिसायकल बिन'मधूनही.

• ट्रेमध्ये दुसऱ्याचं पान दिसलं तर वाचू नका. मालकाला द्या, मालक नसेल तर फाडून टाका.

शेवटी एक माणूस लागतो

आठला दहा मिनिटं कमी असताना बाबा धावत दवाखान्यात पोहोचले. डॉक्टरांनी आजीचा तपास पुन्हा वाचला, सही केली, शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी आजी खिडकीजवळच्या सीटवर बसून घरी आली.

त्या रात्री मात्र मी काउंटरवर परत गेले. ती अकरा पानं आम्ही दोघांनी बसून फाडली. "दीदी, ये प्रिंटर कोई देखता ही नहीं," तो मुलगा म्हणाला. लॉजमधले सगळे तो वापरत होते, पण तो कुणाचाच नव्हता. मी त्याला सांगितलं, आजपासून तुझा. त्याने मालकांकडून राउटरचा पासवर्ड मागून घेतला, आम्ही प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला आणि तो एका पट्टीवर लिहून प्रिंटरला चिकटवला. दुकान बंद करताना रांग रिकामी करायची, हेही त्याने त्याच पट्टीवर लिहिलं.

निघण्यापूर्वी सकाळी आजी घाटावर खालच्या पायरीपर्यंत गेली नाही. वरच बसली. चौंडीसारख्या गावात १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंनी इतक्या दूर काशीत विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभं केलं, हा घाट बांधला. असल्या कामांचा खर्च त्यांनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून केला, असं आजीने मला सांगितलं. समोर कुणी स्नान करत होतं, कुणी नावेची वाट बघत होतं, एक बाई ओलं लुगडं पिळत होती. "सगळ्यांसाठी म्हणून केलेल्या गोष्टीची कुणीतरी एकाने काळजी घ्यावी लागते गं," आजी म्हणाली. तिला प्रिंटरचं काहीच माहीत नव्हतं.

तुमच्या घरच्या प्रिंटरची काळजी कोण घेतं? नाव ठरलेलं नसेल तर आज संध्याकाळी ठरवा. मग दहा मिनिटं काढून रांग उघडून बघा, पासवर्ड बदला, पत्ता राखून ठेवा. घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलीला हे काम सहज देता येईल, आणि ती ते आनंदाने करतात.